केसपेपरावरची एक ओळ

जांबे, ता. मुळशी
१२ नोव्हेंबर २०२५

निरंजन भावजी,

खुशाली इचारत न्हाई. तुमी फोन उचलत न्हाई, मेसेज बगून सोडून देताय, म्हणून हे पत्र. रजिस्टर एडी करून धाडतेय, म्हंजी तुमच्या सहीची पावती माझ्याकडं येईल. पत्र मिळालंच न्हाई असं म्हणायची सोय ठिवली न्हाई.

सरळ इचारते. ह्ये बिडी-सिगरेट ओढत्यात असं फायर ब्रिगेडच्या आपिसात तुमीच कळवलं ना?

तुमाला ठाऊक नसंल तर सांगते. (ठाऊक असणार, पण तुमी न्हाई म्हणाल.) ह्येंना लघवीच्या पिशवीचा कॅन्सर हाय. मे म्हैन्यात लघवीतनं रगत गेलं. ह्येंनी पंधरा दिस लपवलं. उष्णता झाली म्हणून सब्जा भिजवून पीत बसले. एक दिस मीच संडासात लाल बगितलं आन् ह्येंना गाडीत घालून पुण्याला नेलं. तवापासनं ड्यूटी बंद हाय. सलाइनातली औषधं झाली, केस गेले, वजन चौदा किलो गेलं. आता डॉक्टर म्हणत्यात पिशवीच काढायची आन् पोटाला भाईरनं दुसरी लावायची. सहा नोव्हेंबरची तारीख दिलती. ह्ये गेलेच न्हाईत.

का न्हाई गेले, तर एका ओळीपायी. ह्येंनी आपिसात अर्ज केलता, की अठरा वर्सं आगी इझवल्या, हे दुखणं त्या कामातनं आलंय, तशी नोंद करा, आन् स्टेशनातल्या बाकी पोरांचीबी तपासणी करा. दिवाळीच्या आदी उत्तर आलं. 'रुग्णास दीर्घकाळ धूम्रपानाची सवय असल्याची नोंद असल्याने सदर आजार सेवेशी संबंधित मानता येत नाही.' ह्येंनी कागद दोनदा वाचला. घडी घालून खिशात ठिवला. म्हणले, "आधी ती ओळ खोडा, मंग मी टेबलावर झोपतो. बिडीबाज म्हणून मी मरणार न्हाई."

मी रडले, भांडले, पोरगी पाया पडली. सुंभ जळंल पण पीळ जायाचा न्हाई. डॉक्टरनी आता १८ डिसेंबर दिलीया. "ह्याच्या पुढं गेलात तर पसरलेलं असंल, मंग मी हात लावणार न्हाई," असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

म्हंजी ह्येंचा जीव त्या ओळीला टांगलाय. आन् ती ओळ कुणाच्या तरी तोंडातनं गेलीया. आपिसातला क्लार्क म्हणला, "चौकशी करूनच लिहितो आम्ही." चौकशी कुणाकडं करणार? दहा वर्सं ह्येंच्या जोडीला एकाच गाडीवर कोण व्हतं?

आता माझं नीट ऐका. ह्ये ओढत्यात हे मला ठाऊक हाय. नाक हाय मला. ड्यूटीवरनं येऊन न्हाणीत अर्धा तास घासत्यात, साबण संपीवत्यात, तरी उशीला धुराचा वास. सुट्टीच्या दिशी वावरात जरा घाम आला की परत वास. मी म्हणायची, "कुटनं आलात?" तर म्हणत्यात, "आगीवरनं." आग परवा, वास आज? खिशात कायम वेलदोडे. ज्या गड्याला जेवणानंतर सुपारी लागत न्हाई, त्येला वेलदोडा कशाला लागतो? धूर निघतोय म्हंजी कुटंतरी विस्तव असणारच. अठरा वर्सं खिसे चाचपले, काडेपेटी एकदाबी घावली न्हाई. तवा मला वाटलं, ह्येंना बिडी-काडी पुरवणारा कुणीतरी स्टेशनातच हाय. त्यो तुमीच असणार.

पण ओढत असले तरी घरचं ते घरात ऱ्हावं. मी चार भितींच्या भाईर कदी बोलले न्हाई. तुमाला बोलायचं काय कारण व्हतं? का राग हाय तुमाला त्या काजळीचा?

त्येचंबी मला सगळं ठाऊक हाय. तुमच्या स्टेशनाची रीत. नवा पोरगा पयल्या आगीवरनं आला की जुन्यानं आपल्या कोटाची काजळी त्येच्या कपाळाला लावायची. ज्येचा कोट जास्त काळा त्येचा मान मोठा. ह्येंनी निषादला लावली, समदी टाळ्या वाजवत व्हती, आन् तुमी खिशातनं रुमाल काढून त्या पोराचं कपाळ पुसलंत. वर म्हणलात, "हे विष आहे, गुलाल नाही." ह्येंनी तुमाला सगळ्यांदेखत "बाई" म्हणलं. म्हैन्याभरात तुमी राजीनामा देऊन परभणीला साखर कारखान्यात गेलात. जाताना घरी चहालाबी आला न्हाई. माझ्या हातचं दहा वर्सं खाल्लंत, भावजी.

सूड उगवायचा तर धडधाकट माणसावर उगवावा. आपिसाला लिवून द्या की तुमी खोटं बोललात. अठरा तारखेच्या आत.

सौ. रेश्मा शेखर पायगुडे


जांबे
२४ नोव्हेंबर

निरंजन भावजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच. मी दोन पानं भरून लिवलं आन् तुमी पोस्टकार्डाएवढं. तुमचंच तुमाला परत वाचून दाखवते, म्हंजी नंतर फिरायला नको.

'वहिनी, मी काहीही कळवलेलं नाही. मला कुणी विचारलंही नाही. दहा वर्षांत शेखरला ओढताना मी एकदाही पाहिलं नाही, आणि आम्ही चोवीस-चोवीस तास एकत्र असायचो. आगीच्या कामानं हा कॅन्सर होतो हे मी तेव्हाच ओरडून सांगत होतो. २०२२ साली जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञांनीही तेच ठरवलं. ऑफिसच्या मागे लागू नका. दवाखान्यातून केसपेपरची नक्कल मागा, नोंद तिथूनच गेली असणार. त्याला टेबलावर न्या.'

वा. म्हंजी तुमी साधू. चोवीस तास एकत्र व्हता म्हणताय, मंग मिळूनच ओढत असाल, आन् आता एकमेकांवर पांघरूण घालताय. आन् फोन का उचलत न्हाई हे कुटं लिवलंय? ज्येच्या मनात काय न्हाई त्यो माणूस फोन उचलतो.

तुमची चिठ्ठी मी ह्येंना दाखवणार नव्हते. पण पोस्टमननं ओट्यावर ह्येंच्याच हातात दिली. ह्येंनी वाचली आन् मला म्हणले, "तू निऱ्याला लिवलंस? कशापायी?" मी म्हणले, त्येनंच कळवलंय म्हणून. ह्ये म्हणले, "निऱ्या भांडतो. खोटं बोलत न्हाई." मंग आपणहून बोलायला लागले. म्हैन्याभरात पयल्यांदा.

त्या भंगाराच्या गोदामाचं सांगत व्हते. तीन दिस धुमसत व्हतं ते. जाळ इझला की मास्क काढायचा, कारण हवेचा सिलिंडर अर्ध्या तासात संपतो आन् दुसरा नसतो. मंग तोंडाला ओला रुमाल बांधून सगळा राखाडा उकरायचा, कुटं निखारा ऱ्हायलाय का ते बगत. तितं तुमी एकट्यानं मास्क काढला न्हाई, सिलिंडर संपला तशी गाडीपाशी जाऊन उभे ऱ्हायलात, आन् सगळे तुमाला हसले. "पयला मी हसलो," असं ह्ये म्हणले. "थुंकलो की काळं पडायचं. दोन दोन दिस काळं पडायचं. आमी म्हणायचो, चला, पगार झाला."

मला ते ऐकवंना. मी आत निघून गेले, पावट्याची डाळ निवडायला घेतली.

तरी सांगते, ह्येंनी तुमाला सोडलं तरी मी सोडलेलं न्हाई. कुटंतरी पाणी मुरतंय. आपिसात परवा परत गेलते. हितनं पौड, पौडातनं त्यांच्या मोठ्या आपिसात. आग रामेश्वरी आन् बंब सोमेश्वरी, तशी गत. एक म्हणतो साहेबाकडं जा, साहेब म्हणतो दवाखान्यात जा. तुमी बी तेच म्हणताय. केसपेपर मागून काय करू? त्यो इंग्रजीत असतोय. मला काय कळणार हाय?

रेश्मा पायगुडे


जांबे
२५ नोव्हेंबर

भावजी,

कालच्या पत्रात एक इचारायचं ऱ्हायलं. केसपेपरावर कोण काय म्हणलं ते नावानिशी लिवलेलं असतं का? का नुसतं दुखण्याचंच असतं? तुमी शिकलेले म्हणून इचारतेय. सहज.

रेश्मा


जांबे
४ डिसेंबर

भावजी,

हे पत्र लिवायला दोन दिस घेतले. दोनदा फाडलं.

निषाद आन् त्येची बायको गौतमी आमच्याच वरच्या खोलीत भाड्यानं ऱ्हात्यात. जळगावकडची पोरं. गेल्या आठवड्यात माण गावच्या बाजूला गाद्यांच्या फोमचं गोदाम जळलं, निषाद दीड दिस तितं व्हता. सोमवारी दुपारी गौतमी खाली आली. हातात वाटी, साखर मागायचं निमित. साखर घेतली तरी हलंना. मंग म्हणली, "काकू, एक विचारू? कुणाला सांगणार नाही ना?"

मी म्हणले, इचार की.

म्हणली, "हे चोरून सिगरेट ओढतात. मला पक्का संशय आहे. दोन-दोनदा अंघोळ करतात तरी उशीला वास. खिसे तपासले, काही सापडत नाही. सारखी लवंग चघळतात. शपथ घालून विचारलं तर म्हणतात, घशात कडू लागतं म्हणून. तुम्ही इतकी वर्षं काढली काकू, तुम्ही कसं पकडलंत?"

खरं सांगते, मला आदी बरं वाटलं. वाटलं, चला, मी एकटी न्हाई. मी तिला शिकवायलाच बसलेवते, की बाई, खिशात कशाला बगतेस, बाप्ये लई हुशार असत्यात, गाडीच्या डिकीत बग. तेवढ्यात ती म्हणली, "गंमत म्हणजे गावी बारा दिवस होतो ना, तेव्हा अजिबात वास नव्हता. ड्यूटीवर परत आले की सुरू."

मी तिच्या वाटीत आणखी मूठभर साखर घातली आन् तिला वर धाडली.

ती गेल्यावर मी ह्येंच्या खोलीत गेले. ह्ये भाईर उन्हात बसलेवते. मी उशी उचलली आन् नाकाला लावली. औषधाचा वास. साबणाचा वास. धुराचा न्हाई. चादर हुंगली, गंजी हुंगली, कपाटातला शर्ट काढून हुंगला. कुटंच न्हाई. जूनपासनं ह्ये ड्यूटीवर न्हाईत. वास कवाच गेलाय आन् मला पत्ताच न्हाई. अठरा वर्सं रोज पाळत ठिवून ज्येचा शोध घेतला, त्यो गेला तवा माझ्या ध्यानातबी आलं न्हाई.

मन म्हणलं, आजारपणात सुटली असंल. माझं मन असलंच हाय. म्हणून मी माडीवर गेले. दोरीवर निषादचा बनियन वाळत व्हता, कोटाच्या आत घालतो त्यो. गौतमीनं दोनदा धुतलेला. ऊन लागून तापलेला. मी तोंडावर धरला. भावजी, त्येला जळक्या रबराचा वास येत व्हता. गादी जाळल्यावर येतो तसा. बिडीला रबराचा वास येत न्हाई. ह्येंच्या अंगालाबी कदी रबर, कदी प्लास्टिक, कदी रंगाचा डबा जळल्यागत यायचं. मी समजायची, सिगरेटचा ब्रँड बदलला.

हसू नका. न्हाईतर हसा, तुमचा हक्क हाय.

आता पुढचं लिवते. ते लिवायचं न्हाई म्हणूनच दोनदा फाडलं.

मंगळवारी आमच्या स्वरदाला कॉलेज बुडवायला लावलं आन् दवाखान्यात गेलो. केसपेपरची नक्कल मागितली. तितंच बाकड्यावर बसून पोरगी वाचत गेली. तारीख वाचली, रक्तदाब वाचला. मंग थांबली. मी म्हणले, वाच की. ती म्हणली, "आई, इथं लिहिलंय, धूम्रपान, अठरा वर्षं. माहिती देणार..." आन् माझ्याकडं बगितलं. मी म्हणले, कोण? ती म्हणली, "पत्नी."

मी चकित झाले न्हाई, भावजी. हेच मला तुमाला सांगायचंय. मला ठाऊक व्हतं. पुरतं न्हाई, पण तळाला कुटंतरी ठाऊक व्हतं. पयल्या दिशी ह्येंना आत तपासायला नेलं आन् भाईर एका तरण्या डॉक्टरीणबाईनं मला इचारलं, "काही व्यसन?" मी म्हणले, "ह्ये न्हाई म्हणत्यात. पण मला खात्री हाय. अठरा वर्सं वास येतुया. चोरून ओढत्यात." ती लिवत व्हती. मला वाटलं, खरं सांगितलं तर डॉक्टर नीट औषध देतील. आन् एक सांगू? जरा बरंबी वाटलं. अठरा वर्सांनी कुणीतरी माझं ऐकून घेतलं आन् लिवून ठिवलं.

आपिसाचं उत्तर आलं त्या दिशीच मला त्या बाईची आठवण आलती. मी ती दाबली. कुणीतरी दुसरं पायजे व्हतं. तुमी लांब व्हता आन् भांडून गेलता. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते हेच.

स्वरदा घरी येईपर्यंत गाडीत खिडकीकडं तोंड करून बसली. ह्येंना आजून सांगितलेलं न्हाई. मला भ्या वाटतंय. चौदा दिस ऱ्हायलेत.

रेश्मा


जांबे
१० डिसेंबर

निरंजन भावजी,

तुमी फोन केलात. मी उचलला न्हाई. आता मला कळलं माणूस फोन का उचलत न्हाई.

काय काय केलं ते सांगते. आदी त्या डॉक्टरीणबाईकडं गेले. म्हणले, माझं चुकलं, ती ओळ खोडा. ती भली हाय. म्हणली, "खोडता येत नाही काकू, खाली नवीन नोंद जोडता येते." तिनं जोडली. 'पत्नीच्या सांगण्यानुसार आधीची माहिती गैरसमजातून.' मी सही केली. म्हंजी आता एकाखाली एक माझ्याच दोन ओळी हायेत, एक खोटी आन् एक खरी.

त्यो कागद घेऊन आपिसात गेले. क्लार्कनं वाचला. हसला न्हाई, ओरडला न्हाई, चांगलं बसवून पाणी दिलं. मंग म्हणला, "ताई, तुम्ही आधी सांगितलं तेव्हा तुम्हाला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. आता अर्ज अडकलाय म्हणून तुम्ही बदलताय. वरचा साहेब कुठलं खरं धरेल, तुम्हीच सांगा." मी म्हणले, अवो, मी त्येंची बायको हाय. त्यो म्हणला, "म्हणून तर."

खोटं बोलले तवा बायको म्हणून खरी ठरले. खरं बोलतेय तर बायको म्हणून खोटी. जळ्ळं माझं तोंड.

मी क्लार्कला म्हणले, मंग कुणाचं धरता? म्हणला, "बरोबर काम केलेल्या माणसानं लेखी दिलं तर बघता येईल. नोकरी सोडून गेलेला असला तर आणखी बरं, त्याचा काही फायदा नाही त्यात." म्हंजी तुमीच. ज्येला मी दोन पानं शिव्या घातल्या त्यो.

काल दुपारी ह्येंना सांगितलं. ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेवते. मी समोर बसले आन् सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई काय म्हणली, मी काय म्हणले, उशी, वेलदोडे, खिसे. तुमचंबी सांगितलं. मधी एकदाबी वर बगितलं न्हाई ह्येंनी. शेंगा सोलत ऱ्हायले. माझं संपलं तवा टोपलीत चार शेंगा व्हत्या, त्याबी सोलल्या.

मंग म्हणले, "म्हंजी निऱ्या न्हाई."

मी म्हणले, न्हाई.

"आन् आपिसातल्यांनीबी मनानं न्हाई लिवलं."

न्हाई म्हणले.

"बरं झालं. मी दोन म्हैनं स्टेशनातल्या एकेका माणसाचं तोंड डोळ्यांपुढं आणत व्हतो. झोप लागत नव्हती." आन् उठले. आत जाऊन खिशातला त्यो आपिसाचा कागद काढला, कपाटात कपड्यांखाली ठिवला. भाईर येऊन म्हणले, "डॉक्टरला फोन लाव. अठराला येतो म्हणावं."

भावजी, मी देवापुढं साखर ठिवली. मला वाटलं, सुटले.

संध्याकाळी ह्येंनी निषादला खाली बोलावलं. गौतमीलाबी. म्हणले, "त्यो कोट घरात आणायचा न्हाई. बनियन येगळा धुवायचा. आन् राखाडा उकरताना मास्क न्हाई मिळाला तर भाईर उभं ऱ्हायचं, कुणीबी बाई म्हणलं तरी." निषाद म्हणला, "पण साहेब, तुम्हीच तर काजळी लावली होती." ह्ये म्हणले, "लावली. अक्कल नव्हती." मंग ह्येंनी गौतमीला सांगितलं, "पोरी, ह्यो ओढत न्हाई. वास आला की माझ्याकडं ये, मी सांगतो कशाचा ते." ती रडायला लागली. मीबी.

माझ्याशी मात्र कालपासनं ह्ये गरजेपुरतंच बोलत्यात. पाणी दे, गोळी दे. राग निघंल हळूहळू. एवढं मोठं ऐकल्यावर माणसाला येळ लागणारच.

तुमी त्यो लेखी कागद धाडा. माझ्यासाठी न्हाई, ह्येंच्यासाठी.

रेश्मा


जांबे
१४ डिसेंबर

निरंजन भावजी,

हे पत्र कुरिअरनं धाडतेय, परवा पोचंल. फोनवर मला हे बोलता येणार न्हाई, म्हणून लिवतेय. तुमचा कागद मिळाला. स्वरदानं आपिसात नेऊन दिला, शिक्का घेऊन आली. साहेब आता काय ठरवंल ते ठरवंल.

काल ऑपरेशनाआदीची तपासणी व्हती. सगळं झालं, रगत घेतलं, छातीचा फोटो काढला. मंग नर्सनं संमतीचा फॉर्म काढला. आठ पानी. काय काय व्हऊ शकतं ते सगळं त्यात लिवलेलं, मरणबी. ह्येंनी खाली सही केली. नर्सनं पान उलटलं आन् माझ्याकडं सरकवलं. "नातेवाइकांची सही." मी पेन उचललं.

ह्येंनी कागद माझ्या हाताखालनं काढून घेतला.

नर्सला म्हणले, "हिची सही नको."

नर्स म्हणली, "काका, पत्नीचीच घेतो आम्ही."

ह्ये म्हणले, "माझा माणूस येणार हाय परभणीवरनं. त्यो करंल." मी म्हणले, अवो, मी हाय की हितं. तवा माझ्याकडं बगितलं. चार दिसांत पयल्यांदा सरळ डोळ्यात बगितलं. रागानं न्हाई बोलले. रागानं बोलले असते तर मी भांडले असते. म्हणले, "रेश्मा, तू एकदा माझ्याबद्दल लिवून दिलंयस. आता नको."

नर्स दुसरीकडं बगायला लागली. मी पेन टोपण लावून खाली ठिवलं. स्वरदा म्हणली, "बाबा, मी करू का?" तर ह्ये म्हणले, "असल्या कागदावर पोरीच्या हातची सही घेणार न्हाई मी."

घरी येताना मी इचारलं, अठरा वर्सं मनात संशय ठिवून तुमचं सगळं केलं, जेवण केलं, कपडे धुतले, त्येचं काय? ह्ये म्हणले, "तेच म्हणतोय. एवढं सगळं केलंस. एकदा माझं खरं धरलं असतंस तर चाललं असतं." एवढंच. मंग वाटेत उलटी आली तवा माझाच हात धरला. हात धरत्यात. सही नको.

तर भावजी, तुमाला यावंच लागंल. मला क्षमा करा न्हाईतर करू नका, ते नंतर. बुधवारी रातच्या गाडीनं निघा, गुरुवारी सकाळी सातला दवाखान्यात पायजे. सही झाल्याशिवाय आत नेत न्हाईत, आन् ही तारीख गेली तर दुसरी न्हाई. निषाद स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा ऱ्हाईल.

आन् आणखी एक. त्या भंगाराच्या गोदामात तुमीबी व्हता. मास्क ठिवला तरी कोट तुमचाबी तितलाच व्हता. गुरुवारी दहा वाजता तुमची लघवी तपासायचा नंबर मी लावून ठिवलाय, निषादचाबी. तुमच्या बायकोला, स्नेहलला, मी फोन करून सांगितलंय, ती हो म्हणली. लपवू नका. सब्जा पिऊ नका.

मी आत येणार न्हाई. भाईर बाकड्यावर बसंन. कुणी आत बोलावलं तरच येईन. फॉर्मवर सहीच्या खाली एक रकाना हाय, 'रुग्णाशी नाते'. तितं काय लिवायचं ते तुमी आन् ह्येंनी ठरवा. मला इचारू नका, मी आता ह्येंच्याबद्दल कुणाला कायबी सांगत न्हाई.

या मात्र.

रेश्मा